कॉमिक्सच्या दुकानात सहज चक्कर? आधी पिशवी उघडायला लावा

पदरमोड करून सिनेमा करणारे माझ्यासारखे लोक कॉमिक्सच्या दुकानात शिरतात ते 'सहज बघू' म्हणून, आणि खिसा हलका करून बाहेर पडतात. मी नुकताच परतलोय, गुडघे बोलतायत, डोकं तापलेलं आहे. तेवढी चिडचिड वजा करून वाचा.

एका प्रसंगात पात्राच्या हातात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं अमेरिकन कॉमिक हवं होतं. तेव्हाचे अंक स्वस्त न्यूजप्रिंटवर चार शायांत छापायचे. भिंगातून पाहिलं की चेहऱ्याच्या गुलाबी रंगाचे सुटे सुटे ठिपके दिसतात. मला क्लोजअपमध्ये ते ठिपकेच हवे होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी पिशवीत बंद, मागे पुठ्ठा लावलेला अंक पुढे केला. कव्हर जुनं, किंमत सेंटमध्ये, कोपऱ्यात कॉमिक्स कोडचा, म्हणजे तिथल्या प्रकाशकांच्या स्वतःच्याच सेन्सॉरचा शिक्का. उघडून बघू का विचारलं, तर म्हणे, "उघडला की भाव उतरतो." नव्या अंकाच्या कैक पट पैसे मोजले. बाहेर येऊन उघडतो तर चकचकीत कागद, सपाट रंग, ठिपका औषधालाही नाही. फॅक्सिमिली एडिशन! म्हणजे जुन्या जाहिरातींसकट आज केलेलं पुनर्मुद्रण. यात प्रकाशकाची लबाडी नाही, आत बारीक टाइपात सगळं छापलेलं असतं. लबाडी पिशवी उघडू न देणाऱ्याची. परत गेलो तर विकलेला माल परत घेत नाही म्हणाला.

तर, पिशवीची चिकटपट्टी मागून सुटते. ती दुकानदारालाच सोडवायला लावा, म्हणजे अंक फाटला तरी तुमच्या गळ्यात नाही. तयार नसेल तर सरळ निघा. उघडल्यावर पहिल्या पानाच्या तळाशी किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला छपाईची नोंद असते, ती वाचा. कागदाच्या कडा बघा: न्यूजप्रिंटमधल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) त्या पिवळ्या-तपकिरी पडतात, पांढऱ्याशुभ्र असतील तर शंका घ्या. आणि अमेरिकन अंकांवर बारकोड आला तोच सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. त्याआधीचा म्हणून विकलेल्या अंकावर पुढे-मागे कुठेही बारकोड दिसला, तर विषय संपला.

प्लॅस्टिकच्या कडक डबीत सीलबंद केलेले, प्रत किती चांगली राहिलीय त्यावरून 0.5 ते 10 असा ग्रेड दिलेले अंक भिंतीवर मांडलेले असतात. आपल्याला ते शून्य कामाचे. डबी फोडली की ग्रेड गेला, नाही फोडली तर पात्र काय डबी वाचणार? व्हेरिएंट कव्हरचंही (त्याच अंकाचं वेगळ्या चित्राचं कव्हर) तेच: आत गोष्ट तीच, पैसे जास्त. आपल्याला हवी वाचून वाचून मऊ झालेली प्रत, घडी पडलेली, कुणीतरी पेनानं नाव टाकलेली. तशीच मागा. अशा प्रतीवर आर्ट डिरेक्शनची मेहनतही वाचते.

त्या प्रती टेबलाखालच्या लांबलचक खोक्यांत मिळतात. सत्तरच्या दशकात थेट विक्रीची पद्धत आली तेव्हापासून दुकानदार जास्त सवलतीवर, पण परत न करण्याच्या बोलीवर माल उचलतात. न खपलेलं त्यांच्याच गळ्यात राहतं आणि वर्षानुवर्षं खाली सरकत जातं. शिवाय लोक घरची जुनी रद्दी आणून विकतात, तीही तिथेच. उकिडवं बसून तासभर खोकी उपसायची तयारी ठेवा, मास्क लावा, मोबाइलचा टॉर्च आणि मॅक्रो लेन्स जवळ ठेवा. मला तळाच्या खोक्यात कव्हर गेलेला एक अंक किरकोळीत मिळाला. पहिलंच पान लेन्सखाली धरलं आणि ठिपके! बसल्या जागी ओरडलो.

मंगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा कप्पा छान होता, तिथली मुलगी मदतीला तत्पर. झालं.

दुकानातच शूटिंग करायचं मनात असेल, तर मालकाची लेखी परवानगी पुरत नाही. भिंतीवरची कव्हरं आणि पात्रं प्रकाशकांच्या मालकीची असतात, आणि सिनेमाचा वितरक व विमा कंपनी त्यांच्या परवानग्यांचे कागद मागतात. भिंत फोकसबाहेर ठेवा. हातातल्या अंकाचा क्लोजअप इतका जवळून घ्या की ठिपके दिसतील, पण चेहरा कुणाचा ते कळणार नाही.