गाशे डॉक्टर आणि मावशीचा लॉकर

दादरला मावशीकडे लग्नासाठी गेले होते. लग्न झालं, पाहुणे पांगले, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, मठ्ठा सोडला तर. लिहायचंय ते परतीच्या आधी मावसबहिणीने जबरदस्तीने नेलं त्या, व्हॅन गॉग या चित्रकाराच्या चित्रांच्या शोबद्दल. दक्षिण मुंबईतल्या एका हॉलमध्ये होता, भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं फिरवतात तो प्रकार. तिकिटाचा आकडा ऐकून मावशी म्हणाली, "एवढ्यात शिवाजी मंदिरला आपण सगळे पहिल्या रांगेत बसलो असतो!" तरी आली. घरी एकटी बसून काय करणार.

आत काळोख, एसी असा की दात वाजावेत, आणि झाडून सगळे भिंतीकडे पाठ करून उभे. म्हणजे चित्र पाठीमागे, तोंड मोबाईलकडे. सूर्यफुलं आमच्या अंगावरून वाहत गेली, तारे गरगरले, पियानो वाजत होता. मग एकदम समोर गाशे डॉक्टर आले, म्हणजे व्हॅन गॉगने काढलेलं त्यांचं पोर्ट्रेट. पांढरी टोपी, निळा कोट, हाताच्या मुठीवर गाल टेकवलेला, समोर लाल टेबल, त्यावर दोन पिवळी पुस्तकं आणि पेल्यात डिजिटॅलिस या औषधी झाडाची फुलं. चेहरा असा की पेशंटनेच विचारावं, डॉक्टर, तुम्ही बरे आहात ना? काही सेकंदच होते, मग त्यांच्या पाकळ्या झाल्या आणि उडून गेल्या.

शेजारच्या काकांनी तिथल्या मुलीला विचारलं, हे चित्र कुठे आहे? ती म्हणाली, "पॅरिसला, सर." आता माझं डोकं फिरलं. पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे ती याच पोर्ट्रेटची दुसरी आवृत्ती, तिच्यात टेबलावर पुस्तकं नाहीत! पुस्तकंवालं चित्र गायब आहे हो काका, असं मी म्हटलं आणि काका थांबले, मग मीही थांबले नाही.

1890 च्या मे महिन्यात व्हॅन गॉग पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी राहायला गेला, कारण तिथे हे डॉक्टर होते, चित्रकारांचे दोस्त. त्याने भावाला लिहिलं की हा डॉक्टर माझ्याहून आजारी दिसतोय. जूनमध्ये त्यांचं पोर्ट्रेट काढलं आणि जुलैच्या शेवटी स्वतः हे जग सोडून गेला. भावाच्या बायकोने, योहानाने, 1897 मध्ये हे चित्र 300 फ्रँकला विकलं. हातोहात फिरत 1911 मध्ये ते फ्रँकफुर्टच्या श्टेडेल म्युझियममध्ये पोचलं. 1937 मध्ये नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून ते जप्त केलं, आणि भ्रष्ट म्हणून फेकलं का? छे, हिटलरच्या गोअरिंग या मंत्र्याने विकून पैसे केले! पुढे क्रामार्स्की नावाच्या बँकरबरोबर ते न्यूयॉर्कला गेलं. 15 मे 1990 ला लिलाव झाला आणि र्‍योएई साइतो या जपानी कागद कारखानदाराने 8 कोटी 25 लाख डॉलर मोजले. तोवर लिलावात कुठल्याच चित्राला एवढी किंमत आली नव्हती. आणि मग साहेबांनी ते टोकियोत गोदामात बंद करून ठेवलं, वर म्हणाले की मी मेलो की माझ्याबरोबर जाळा. बोंबाबोंब झाल्यावर गंमत केली म्हणे. 1996 ला ते वारले. चित्र जळलं नाही, पुढे विकलं गेलं एवढं कळलं, पण आज कुणाच्या घरी आहे ते जाहीर नाही. फ्रँकफुर्टवाल्यांनी 2019 च्या प्रदर्शनात त्याची नुसती रिकामी फ्रेम टांगली होती.

काका म्हणाले, "म्हणजे आत्ता आपण पाहिलं ते कुणालाच बघायला मिळत नाही?" मी म्हटलं आपणही कुठे पाहिलं, उजेड पाहिला. बहिणीने मला कोपराने ढोसलं.

चिडचिड गेली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी चर्चगेटची लोकल पकडून मी एकटी वस्तुसंग्रहालयात गेले, काळा घोड्याजवळच्या, आमची मावशी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणते. वर युरोपियन चित्रं आहेत, टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली. खाली शाळेच्या सहलीचा कल्ला आणि वर जेमतेम चार माणसं. एका म्हाताऱ्याच्या दाढीपाशी नाक नेलं तर दाढी नाहीच, नुसते करड्या रंगाचे फराटे, एकावर एक, मधेच व्हार्निशला बारीक तडे. दोन पावलं मागे आलं की परत दाढी. हे प्रोजेक्टरवर दाखवा की! लायटिंग मात्र वाईट, काचेवर आपलंच तोंड दिसतं, आणि बाकडी कमी. पाय मोडले माझे.

घरी आल्यावर मावशीला परत साइतोची गोष्ट सांगितली, वाटलं ती तरी चिडेल. ती मेथी निवडत म्हणाली, "अगं, माझ्या सासूबाईंची ठुशी तीस वर्षं लॉकरमध्ये आहे, मी तरी कुठे कुणाला दाखवते?"

"पण तू जाळणार नाहीयेस ना बरोबर?"

"सूनबाई कशी वागते त्यावर आहे," म्हणाली. नुकतंच लग्न झालेली सूनबाई आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं असावं.