आधी बायकांची नावं सांगा

बाहुल्या करायला लागले नाहीत इतके दिवस आमचे शाळेच्या परवानगीच्या एका सहीपायी गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

आम्ही सांगलीच्या पाच जणी. तासगावकडच्या बेदाणा निवडणाऱ्या बायकांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत वीस मिनिटांचा बाहुल्यांचा प्रयोग बसवला. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला, तरी त्यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गड्यांपेक्षा कमी. ‘‘त्यो क्रेट उचलतोय म्हणून त्येला जादा. आन् मी दिवसभर मान मोडून निवडती, त्येचं काय?’’ हे एका मावशींचं वाक्य. त्यातला काना-मात्राही आम्ही बदलला नाही.

प्रयोग एका शाळेत करायचा होता. अर्ज आणि संहिता दिली. आठवड्याने गेलो तर अर्जच सापडेना. (दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्याच. आम्ही घेतला नव्हता.) पुन्हा दिला. मग ऐकवलं, ‘‘बाहुल्या म्हणजे बालवाडीचा खेळ, आठवी-नववीला कशाला?’’ १८४३ साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, हे मला तिथे सांगावं लागलं! तिसऱ्या खेपेला नवीनच: ‘‘हे कोण बोललं? नावं-गावं लिहून द्या, नाहीतर खरं कशावरून?’’

तिथे मी हटले नाही. नाव फुटलं तर उद्या त्या बाईला कामावर कोण घेणार? म्हणूनच चेहरा कागदाच्या लगद्याचा, आवाज आमचा. शेवटी आम्ही पाचही जणींनी सह्या करून लिहून दिलं, की मुलाखती आम्ही घेतल्या, ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे, नावं बोलणाऱ्यांच्या इच्छेने गुप्त आहेत, जबाबदारी आमची. चौथ्या खेपेला सही झाली. हे पत्र पहिल्याच दिवशी अर्जाला जोडा.

मुलाखती मुकादमासमोर घेऊ नका. आमच्या पहिल्या दिवशी सगळ्या ‘बरं चाललंय’ एवढंच म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत बोलल्या. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. एकीने आपला भाग काढायला सांगितला, आम्ही कारण न विचारता काढला. आणि बाहुलीचे हात मोठे करा, निवडण्याचं काम मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे.

प्रयोगाला मावशी आल्या होत्या, पालकांमध्ये बसल्या होत्या. त्यांचं वाक्य आलं तेव्हा आम्ही कुणीच तिकडे पाहिलं नाही.