जहाजावर गेल्याची तारीख

एकोणीस महिने नऊ दिवस. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात विभक्त राहण्याचा हा हिशेब पहिल्याच पानावर होता. नवरा बोटीवर. सोबत त्याच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाची झेरॉक्स, तिच्यावर साइन ऑनचा, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याचा शिक्का 11 जानेवारी 2023 चा. अर्ज दाखल झाला 20 ऑगस्ट 2024 ला. दीड वर्षाच्या वर भरत होतं, म्हणून आठवड्याने सहा महिने माफ करण्याचा वेगळा अर्जही दिला. गणपती करून त्याला पुन्हा बोटीवर जायचं होतं.

हे सहा महिने म्हणजे काय, ते पक्षकारांना रोज सांगावं लागतं. हिंदू विवाह कायद्यात कलम 13-ब आलं 1976 च्या दुरुस्तीने. अर्ज देताना किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. मग अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. मुदत मोजायची ती दाखल तारखेपासून. जबाब झाल्या दिवसापासून मोजून लोक विनाकारण जास्त थांबतात.

'सुप्रीम कोर्टाने सहा महिने काढून टाकले' असं मोबाइलवर वाचून माणसं येतात. काढलेले नाहीत. 2017 च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालाने ही मुदत बंधनकारक नाही एवढं ठरवलं आणि माफी कधी द्यायची तेही सांगितलं: एक वर्ष अधिक सहा महिने पहिल्या अर्जाच्या आधीच उलटलेले हवेत, समेटाचे सगळे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी-मुलं-देणंघेणं खरोखर मिटलेलं हवं, आणि थांबण्याने फक्त त्रास लांबणार असेल तर. 2023 च्या शिल्पा शैलेश निकालात घटनापीठाने तुटलेलं लग्न मोडण्याचा जो अधिकार वापरला, तो राज्यघटनेच्या कलम 142 चा. तो फक्त सुप्रीम कोर्टाला आहे, तालुक्याच्या कोर्टाला नाही.

आमच्या प्रकरणात बाकीचं चोख होतं. मध्यस्थीचा अहवाल जोडलेला. आठ लाख ठरलेले, त्यातल्या चार लाखांचा डीडी पहिल्याच तारखेला दिलेला. स्त्रीधनाची यादी वजनासकट, त्यात साडेतीन तोळ्यांचं मंगळसूत्र आणि दोन पाटल्या. वकील म्हणून मी बाईंच्या बाजूने. मसुदा समोरच्या वकिलांकडून आला होता, सह्या सगळ्यांच्या.

माफीच्या अर्जावर न्यायाधीश मॅडमनी बाईंचं पासबुक उघडलं. ते जोडलं होतं खर्चाची बाकी नाही हे दाखवायला. 2023 चे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, दर महिन्याला नवऱ्याकडून पंचवीस हजार जमा. जूनपासून काही नाही. मॅडमनी पान माझ्याकडे वळवलं आणि बाईंना विचारलं, "अकरा जानेवारीला भांडून गेले होते का?"

"नाही मॅडम. स्टेशनवर सोडायला मीच गेले होते. आगळाची बाटली बांधून दिली होती."

"मग वेगळं राहायचं कधी ठरलं?"

"तीन जूनला मी माहेरी आले. तेव्हा कळवलं, आता पैसे पाठवू नका."

3 जून 2023 पासून मोजलं तर चौदा महिने सतरा दिवस. वर्ष भरतं, अर्ज टिकतो. दीड वर्ष भरत नाही.

सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश, 1991. 'वेगळं राहणं' म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, जागेचा त्याच्याशी संबंध नाही. एका छपराखाली राहूनही माणसं विभक्त असू शकतात आणि दोन घरांत राहूनही नवरा-बायको असू शकतात. वकील यातलं पहिलं वाक्य नेहमी वाचून दाखवतात, कारण ते उपयोगी पडतं. दुसरं कोकणाला जास्त लागू आहे. नवरा मुंबईला, बायको गावी, भेट गणपतीत आणि शिमग्याला, असे संसार इथे पिढ्यान् पिढ्या झाले. बोटीवरच्या माणसाचं घर तर असंच चालतं. साइन ऑनचा शिक्का तो बोटीवर होता एवढंच सांगतो.

मी 2021 चा अमित कुमार विरुद्ध सुमन बेनिवाल निकाल दाखवला. अमरदीपमधले मुद्दे उदाहरणादाखल आहेत, यादी संपूर्ण नाही, असं त्यात म्हटलं आहे. मॅडमनी तो वाचला. तिथे दीड वर्ष भरलेलं नसताना हुकूमनामा मिळाला तो सुप्रीम कोर्टाने 142 वापरून दिला, हेही वाचलं. लग्न सहा वर्षांचं, अर्जाच्या चौदा महिने आधीपर्यंत नीट चाललेलं, आणि घाईचं कारण फक्त बोट. माफी नामंजूर. तो आदेश बरोबर होता असं मला आजही वाटतं.

राग आहे तो मसुद्यांवर. विभक्त झाल्याची तारीख हा या अर्जाचा कणा, आणि जुन्या अर्जाची फाइल उघडून हाच रकाना सर्वात शेवटी भरतात. पक्षकाराला 'कधीपासून वेगळे' विचारलं की तो घर सोडल्याची तारीख सांगतो. विचारायला हवं ते असं: शेवटचे पैसे कधी, शेवटचा फोन कधी, सणाला कोण कुठे होतं. मीही सही करण्याआधी बाईंना हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला, दोघांच्या सह्यांनी, नवरा गावात होता तोवर. पुढचे सहा महिने धास्तीचे. सुरेष्टा देवीचाच दुसरा भाग असा की हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकली पाहिजे, एकाने मागे घेतली की प्रकरण संपलं. चार लाख दिलेले, चार यायचे.

20 फेब्रुवारी 2025 ला तो व्हिडिओवर आला, मागे केबिनची गोल खिडकी. उरलेला डीडी त्याच्या भावाने आणला. हुकूमनामा झाला. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "ते भांडून गेले असं मी म्हटलं असतं तर ऑगस्टमध्येच झालं असतं ना?" मी हो म्हटलं.

मूळ अर्जात 11 जानेवारी खोडून वर लाल शाईने 3 जून लिहिलं आहे, बाजूला आम्हा दोघा वकिलांच्या सह्या. नकलेत ती शाई काळीच दिसते.