ताक पिठात की पेल्यात?

मार्च संपत आला होता. बॉस्टनहून व्हर्माँट राज्यात जायला निघताना भावाने बजावलं, "पॅनकेक खा, पण तीनची चळत मागवू नकोस. संपणार नाही तुला." मी अर्थातच तीनची मागवली.

माँटपिलियर जवळ आल्यावर रस्त्याकडेला एक छोटं डायनर लागलं. काउंटरच्या मागे सपाट लोखंडी पत्रा तापलेला, त्यावर एका बाजूला अंडी, दुसऱ्या बाजूला पॅनकेक. बशीत आलं ते बघून मी जरा गप्पच झाले. बोटभर जाडीच्या तीन गाद्या, वर वितळत चाललेला लोण्याचा गोळा. पहिल्या घासाला मात्र काहीतरी ओळखीचं लागलं, किंचित आंबूस.

"ताक आहे त्यात," भाऊ म्हणाला.

म्हणजे त्यांचं बटरमिल्क. हल्ली ते लोणी काढून उरलेलं ताक नसतंच, कमी सायीच्या दुधाला विरजण लावून दाट केलेलं असतं. पण चवीला आपल्या ताकाचंच भावंड. ते पिठात असतं ते मुख्यतः सोड्यासाठी. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि गादी फुगते. आपली आंबोळी ज्या कामाला रात्रभर घेते, ते इथे पाच मिनिटांत उरकतं. ही घाई रुजवण्यात भाऊ राहतो त्या भागाचाही हात आहे. बॉस्टनला लागून असलेल्या हार्वर्ड विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली बेकिंग पावडरसाठी लागणाऱ्या फॉस्फेटचं पेटंट घेतलं होतं.

काउंटरपलीकडचे काका बोलके होते. मी रेंगाळत्येय म्हटल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पीठ घोटायचं नाही, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. घोटलं की गव्हाला चिकटपणा येतो आणि पॅनकेक चामड्यासारखा होतो. दुसरं, वरचे बुडबुडे फुटून भोकं तशीच उघडी राहिली की एकदाच उलटायचा. मिसळलेलं पीठ ते ठेवून देत नाहीत, वाट पाहिली की त्यातला वायू निघून जातो.

दीड पॅनकेक उरला. भाऊ काही बोलला नाही, पण चेहऱ्यावर होतंच.

तिथून एका मेपलच्या वाडीत गेलो. रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊन, असं असेल तेव्हाच झाडातून रस वाहतो. तो चाखला तर पाण्यात चिमूटभर साखर घातल्यासारखा. साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती येतो. गुऱ्हाळात गेल्यासारखाच वास, वाफ, आणि तसाच कोणीतरी सारखा मळी काढत उभा. तिथे बर्फावर गरम पाक ओतून त्याची चिक्कट टॉफी खायला देतात, आणि सोबत शेपू घातलेलं काकडीचं लोणचं! गोडाने तोंड मिटलं की लोणच्याचा तुकडा, मग पुन्हा गोड. या लोकांबद्दल माझं मत त्या दिवशी फार चांगलं झालं. एरवी अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मक्याच्या साखरेचा नुसता वास मारलेला पाक टेबलावर ठेवतात. त्यावर पॅनकेकची परीक्षा करू नये.

जूनमध्ये फ्रान्सला गेले ती ब्रिटनी या वायव्येकडच्या प्रांतात, मैत्रिणीकडे. 'युरोपियन पॅनकेक' हा शब्द आपल्या सोयीचा आहे, तिथे तसा एक पदार्थ नाही. बर्लिनमध्ये 'फानकुखन' मागितलात तर जॅम भरलेला तळलेला गोळा हातात पडतो. स्वीडनमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि मागून पॅनकेक अशी जुनी रीत. मी सांगत्येय ते फक्त ब्रिटनीचं.

तिथल्या रेन शहराच्या शनिवारच्या बाजारात लोक सकाळीच गालेत घेऊन फिरत होते. काळपट, पातळ धिरडं, आत भाजलेलं सॉसेज गुंडाळलेलं. सॉसेज मी खात नाही, म्हणून नुसती गालेत लोणी लावून घेतली. विकणाऱ्या बाईंना ते पटलेलं दिसलं नाही.

ही गालेत 'काळ्या गव्हाची', म्हणजे बकव्हीटची. उत्तर हिंदुस्थानात उपासाला कुट्टू खातात ना, तेच. नाव गव्हाचं असलं तरी गव्हाशी नातं नाही. हे झाड आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं. ब्रिटनीच्या नापीक, आम्लट जमिनीत ते निमूट येतं आणि तीनेक महिन्यांत कापणीला तयार होतं. गरिबाचं धान्य, आपल्या नाचणीसारखं. पीठ, पाणी, मीठ. सोडा नाही, पावडर नाही. आणि डायनरच्या नेमकं उलट: हे पीठ भिजवून काही तास झाकून ठेवायचं. बुडबुडे गेलेलेच बरे.

मग कँपेरला गेलो. तिथे 'लोण्याचा चौक' नावाची जागा आहे, पूर्वी खरोखरच लोणी विकलं जायचं. आता चारी बाजूंना क्रेपची, म्हणजे अशाच पातळ धिरड्यांची दुकानं. एका दुकानात हौशी लोकांना हात साफ करू देतात. बिलिग म्हणजे मोठा गोल बिडाचा तवा, कडा नसलेला. रोझेल म्हणजे पीठ पसरायची लाकडी दांडी, इंग्रजी टी अक्षरासारखी. मला वाटलं, डोसे घालत आयुष्य गेलंय, यात काय आहे! वाटीने दाबून फिरवतो तशी रोझेल दाबली. मधोमध भोक, कडेला लगदा. बाईंनी माझं मनगट धरलं आणि दांडी पिठावरून नुसती तरंगत नेली. तिसऱ्या वेळी नकाशासारखं काहीतरी जमलं. तव्याला चरबी लावायला त्यांच्याकडे कापडाची पुरचुंडी होती. आमची आजी घावनाच्या तव्याला अर्धा कांदा फिरवायची, तो आठवला.

जेवायला अंडं आणि चीज घातलेली गालेत घेतली, चारी कडा दुमडून चौकोनी पाकिटासारखी. हे जेवण, न्याहारी नव्हे. गव्हाची गोड क्रेप नंतर, खारट लोण्याच्या कॅरॅमलची. फ्रान्सभर मिठावर जबर कर होता तेव्हा ब्रिटनीला त्यातून सूट होती, म्हणून इथलं लोणी आजही खारट. अमेरिकन पॅनकेक पाक शोषून घ्यायला केलेला असतो, ही पोळी काहीतरी गुंडाळायला. पातळ-जाड हा फरक त्यातून येतो, असं मला वाटतं.

प्यायला सगळे सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू घेत होते, मातीच्या वाडग्यांतून. मी यादीत 'ले रीबो' पाहिलं आणि मैत्रिणीला विचारलं. "ताकच गं," ती म्हणाली. आलं ते खरंच थंडगार, दाट, आंबट. व्हर्माँटमध्ये पिठात दडलेलं ताक इथे पेल्यात होतं! मी दुसरं मागवलं आणि त्यात घालायला मीठही मागितलं.

बाईंनी मीठ आणून ठेवलं, मी चिमूट टाकून ढवळलं ते पाहिलं, आणि मैत्रिणीला काहीतरी म्हणाल्या. ती हसायला लागली.

"म्हणतायत, मीठ लोण्यात घालतात, ताकात नाही."