निकेल घातलं की घनता वाढते, पण कोणती?

टायटॅनियम डायबोराइड या अतिशय कडक सिरॅमिकची पावडर नुसती तापवून घट्ट होत नाही. वितळायला 3200 अंशांच्या वर लागतात, आणि त्याच्या कितीतरी आधी कणांवरचा ऑक्साइडचा पातळ थर खोडा घालतो: दाणे मोठे होत जातात, मधली भोकं मात्र बुजत नाहीत. ग्रॅफाइटच्या डायमध्ये (साच्यात) वरून दाब दिला तरी सहसा 1800 अंशांपर्यंत जावं लागतं.

थोडं निकेल मिसळा, हेच काम 1500 च्या आसपास उरकतं. निकेल एकटं 1455 ला वितळतं, पण बोरॉनची संगत मिळाली की 1100 च्या आतच द्रव व्हायला लागतं. या द्रवाने कणांना भिजवलं पाहिजे, सगळं त्यावर आहे. भिजवलं तर कण सरकून दाट बसतात, पोतं आपटल्यावर ज्वारी बसते तसे. मग कणांच्या टोकदार कडा द्रवात विरघळतात आणि मोकळ्या जागी जाऊन पुन्हा जमतात.

शिरपूरला आमच्या मामांची बोअरची गाडी आहे. "इतलं कडक बनावस, मंग त्यामा निकेल कसाले टाकस रे?" त्यांच्या बिटवरच्या टंगस्टन कार्बाइडच्या बटणांतही कोबाल्ट असतो म्हटल्यावर ते गप्प झाले. खरं तर दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत (मामांना हे सांगितलं नाही). कोबाल्ट तिथे ठोके सोसायला हवाच. आमच्या वडीत, म्हणजे डायमधून निघालेल्या डायबोराइडच्या तुकड्यात, निकेलचं काम भट्टीपुरतं. पुढे वडी तापली की कणांच्या सीमेवरचा धातूच आधी दगा देतो.

आणि आकडे फसवतात ते वेगळंच. डायबोराइडची घनता घनसेंटीमीटरला 4.52 ग्रॅम, निकेलची 8.9. वजनाने 5 टक्के निकेल घातलं की मिश्रणाची पूर्ण घनता 4.63 च्या घरात जाते. पाण्यात तोलून वडी 4.52 भरली, तर शुद्ध डायबोराइडच्या हिशेबाने ती 100 टक्के; 4.63 ने नीट भागलं तर साडेसत्त्याण्णव. त्यात डाय उघडताना पंचच्या (दाब देणाऱ्या दांड्याच्या) कडेला बारीक चकचकीत मणी चिकटलेले दिसतात. दाबाने पिळून निघालेला धातू तो. हिशेबात धरलेला, वडीत नसलेला! मणी दिसले की 5 टक्केही धरता येत नाहीत, वडीत उरलेलं निकेल मोजूनच भागायचं. कुणाच्या पेपरात '99 टक्के' दिसलं की मी आधी भागाकारातला खालचा आकडा शोधतो.