चियांग माईची रविवारची रात्र

काल उत्तर थायलंडमधल्या चियांग माईत रविवारच्या बाजारात गेलो होतो. १२९६ मध्ये वसवलेल्या लान्ना राज्याच्या या जुन्या राजधानीचा मुख्य रस्ता रविवारी संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि था फे दरवाजापासून वाट फ्रा सिंग विहाराच्या दिशेने दुतर्फा दुकाने मांडली जातात.

सहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकावर थायलंडचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि तो गजबजलेला रस्ता, तळणीत झारा धरलेल्या बाईसकट, जागच्या जागी स्तब्ध उभा राहिला. अंगावर काटा आला. गीत संपताच घासाघीस जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू झाली.

पोटपूजा एका विहाराच्या प्रांगणात झाली. खाओ सोई, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्श्यात घातलेल्या शेवया आणि वर त्याच शेवयांचा तळलेला कुरकुरीत थर. सोबत मोहरीच्या पाल्याचे लोणचे आणि लिंबाची फोड.

खरेदी मात्र एकच केली. ह्मोंग या डोंगराळ भागातल्या जमातीच्या एका आजींकडे निळीत रंगवलेले तागासारख्या जाड धाग्याचे कापड होते. त्यावर आधी वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात, मग ते निळीत बुडवतात, आणि मेण काढल्यावर झाकलेली रेघ पांढरी उमटते. एके ठिकाणी रेघ किंचित थरथरली आहे, आणि तेवढ्यासाठीच मी तो तुकडा निवडला. त्यांनी सांगितलेले ५५० बाट मी घासाघीस न करता दिले, कारण इतक्या मेहनतीपुढे भाव पाडावा असे मला वाटेना. आजींनी कापड दोन्ही हातांनी माझ्या हाती ठेवले.