तुम्ही विचारलंत म्हणून: फायनल कोण मारणार, आणि कितीने?

मी रग्बी बघतो हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘त्यात काही नियम असतात का हो?’ तो हसण्यावारी नेता येतो. दुसरा वर्ल्ड कपची फायनल आठवड्यावर आली की हमखास येतो: ‘बोला, कोण मारणार? आणि कितीने?’ मी काहीतरी गुळमुळीत बोलतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. इतकी वर्षं अवेळी उठून सामने बघता आणि साधा एक आकडा सांगता येत नाही?

आकडा सांगता येतो. सांगितलेलाही आहे, तोही लेखी. तीच अडचण आहे.

आमची एक वही आहे. मी, एक किवी मित्र, एक दक्षिण आफ्रिकन मित्र आणि एक इंग्लिश मैत्रीण, जी फक्त इंग्लंड खेळत असेल तरच येणार असं म्हणते आणि दर वेळी येते, असे चौघं आम्ही मोठ्या फायनल एकत्र बघतो. सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने स्कोअर लिहायचा आणि खाली सही करायची. पेनाने. खाडाखोड चालत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याने पुढच्या फायनलपर्यंत वही आपल्या घरी सांभाळायची. बक्षीस म्हणा, शिक्षा म्हणा.

२८ ऑक्टोबर २०२३ चं पान बघा. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. किवी मित्राने लिहिलंय, ‘बोक्स २६–१८.’ बोक्स म्हणजे स्प्रिंगबोक्स, दक्षिण आफ्रिकेचा संघ. आणि त्याच्याच खाली दक्षिण आफ्रिकन मित्राच्या अक्षरात, ‘ऑल ब्लॅक्स २४–२०’, म्हणजे न्यूझीलंडचा संघ. दोघांनीही आपापल्या संघाला पाडून ठेवलंय.

त्याआधीचा आख्खा आठवडा हेच चाललं होतं. रग्बीवाल्यांची थट्टामस्करी ऐकली नसेल त्याला गंमत वाटेल, कारण ती उलट्या दिशेने चालते. किवी म्हणायचा, ‘ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर आम्हाला ३५–७ धुतलंत. पॅरिसला आम्ही फक्त हाका करायला जातोय.’ (हाका म्हणजे सामन्याआधी न्यूझीलंडचा संघ करतो तो माओरी नाच.) त्यावर दुसरा, ‘अरे, आमचे म्हातारे दमलेत. फ्रान्सला एका गुणाने कसंबसं हरवलं, इंग्लंडला एका गुणाने कसंबसं हरवलं. तुम्ही अर्जेंटिनाला ४४–६ हाणून आलात, तुमची जर्सीसुद्धा मळली नाही.’ मग पहिला बेंचवर घसरायचा: राखीव आठांमध्ये सात फॉरवर्ड, म्हणजे रेटारेटी करणारे दांडगे, घेऊन बसणारा संघ दमला म्हणतोय! तासन्‌तास वाद, आणि वाद कशाचा, तर फेवरिट कोण नाही याचा. जो तो ते लेबल दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवायला बघतो.

याला भीती म्हणतात, दुसरं काही नाही. चांगलं बोललं की दृष्ट लागते हे या खेळाच्या पाठीराख्यांना जगभर कुणी न शिकवता ठाऊक आहे. शिवाय रग्बीच्या मैदानात दोन्ही बाजूंचे लोक सरमिसळ बसतात, वेगळे कोंडून ठेवत नाहीत. आठवडाभर ज्याची खेचलीत तो ऐंशी मिनिटं तुमच्या कोपराला कोपर लावून बसणार आहे. मोठं बोलून ठेवलंत तर ते गिळताना बघायला माणूस शेजारीच हजर.

आणि मोठं बोललेल्यांचं काय झालं हे सगळ्यांना पाठ आहे. २००३ ची सिडनीतली सेमीफायनल. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला २२–१० ने हरवणार हे दिसायला लागल्यावर कर्णधार जॉर्ज ग्रेगनने ऑल ब्लॅक्सना मैदानातच ऐकवलं: ‘आणखी चार वर्षं, पोरांनो, चार वर्षं.’ म्हणजे पुढच्या वर्ल्ड कपची वाट बघा. मायक्रोफोनने ते जगाला ऐकवलं. पुढच्या आठवड्यात फायनल. तिकडची वर्तमानपत्रं इंग्लंडच्या खेळाला कंटाळवाणा म्हणत होती, त्यांचा किकर विल्किन्सन, त्याच्या एकट्याच्या लाथेवर चालणारा. त्याच विल्किन्सनने जादा वेळेत, जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं असताना ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात चेंडू टेकवून खांबांमधून लाथेने मारलेला गोल, मारला, तोही त्याच्या बिनकामाच्या उजव्या पायाने. इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने वर्ल्ड कप उचललेला नाही. ग्रेगनचं वाक्य मात्र किवी लोक अजून तोंडपाठ म्हणतात, चार-चार वर्षं मोजत.

इंग्लिश मैत्रिणीची पाळी २०१९ ला आली. योकोहामाच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंडने ऑल ब्लॅक्सना १९–७ असं बांधून ठेवलं होतं. हाका चालू असताना इंग्लंडचे खेळाडू समोर इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहिले, दंडही भरला, आणि त्यांच्या लोकांना वाटलं आता फायनल म्हणजे उपचार. सगळ्यांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं. समोर दक्षिण आफ्रिका, जी पहिलाच सामना न्यूझीलंडशी हरली होती, आणि गटातला सामना हरून तोवर कुणी वर्ल्ड कप जिंकलेला नव्हता. मैत्रिणीने वहीत लिहिलं, ‘इंग्लंड २७–१६’, आणि खाली एक रेघ ओढली. खरं सांगायचं तर माझाही आकडा त्याच बाजूचा होता. पाचामुखी परमेश्वर म्हणून आपण विश्वास ठेवतो, पण पाचही मुखं एकाच सेमीफायनलच्या धुंदीत असतील तर परमेश्वर काय करणार? तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला इंग्लंडचा प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला कडेचा खेळाडू, काइल सिंकलर आपल्याच माणसाच्या कोपराला धडकून बेशुद्ध पडला, त्याच्या जागी डॅन कोलला जवळजवळ आख्खा सामना खेळावा लागला, आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘बीस्ट’ म्हणजे म्टावारिराने स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना रेटतात तिथे, इंग्लंडचा तो कोपरा उचलून उचलून मागे नेला. ३२–१२.

याच सामन्याने मला ‘कितीने’चं उत्तर शिकवलं. ६५व्या मिनिटाला स्कोअर १८–१२ होता, फरक सहा. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी सात म्हटलं असतं. आमच्या वहीतले बहुतेक आकडे पाच ते आठच्या आसपासच घुटमळतात. साहजिक आहे: ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवल्याचे, पाच, त्यावर मिळणाऱ्या किकचे दोन, म्हणजे एका ट्रायने पुढे. ‘आम्ही जिंकू, पण सोपं नसेल’ असं म्हणायची ती सभ्य पद्धत आहे. आता प्रत्यक्षात काय झालंय ते बघा. १९८७ पासून २०२३ पर्यंत पुरुषांच्या दहा फायनल झाल्या. फरक ओळीने असे: २०, ६, ३, २३, ३, ९, १, १७, २०, १. चार वेळा तीन किंवा त्याहून कमी, चार वेळा सतरा किंवा त्याहून जास्त. मधल्या सभ्य पट्ट्यात फक्त दोन, १९९१ आणि २००७. म्हणजे सगळे जिथे पैज लावतात तिथे गोळी जवळजवळ कधी लागतच नाही.

कारण अगदी साधं आहे. फायनल बरोबरीत चालली की दोघंही अंग चोरतात. आपल्या अर्ध्यात चेंडू हातात ठेवायचाच नाही, लाथ मारून पुढे पाठवायचा, समोरच्याने चूक केली की पेनल्टीचे तीन घ्यायचे. १९९५ आणि २००७ च्या फायनलमध्ये एकसुद्धा ट्राय झाला नाही. असा सामना एक-दोन पेनल्टींवर सुटतो. पण शेवटच्या पंधरा मिनिटांत एकजण मागे राहिला की त्याला आपल्याच गोलरेषेपासून पळत सुटावं लागतं, पास हवेत तरंगायला लागतात, आणि पुढे असलेल्याला ट्राय आयते मिळतात. योकोहामात दक्षिण आफ्रिकेच्या मापिम्पीचा ट्राय ६६व्या मिनिटाला, कोल्बीचा ७४व्या. सहाचे वीस दहा मिनिटांच्या आत झाले.

कोण मारणार याचं उत्तर तर त्याहून अवघड, कारण मारणारा कधीकधी संघातच नसतो. २०११ ची ऑकलंडची फायनल घ्या. स्पर्धा चालू असताना न्यूझीलंडचा स्टीफन डॉनल्ड नदीवर मासे पकडत होता. वर्षभरापूर्वी हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाशी हरलो ते याच्यामुळे, म्हणून त्याच्याच लोकांनी त्याची सालटी काढली होती. मग संघाचा मुख्य किकर डॅन कार्टर जखमी, त्याच्या जागी आलेला स्लेड जखमी, फायनलच्या पहिल्या अर्ध्यात क्रूडनचा गुडघा गेला, आणि अंगाला घट्ट होणारी जर्सी घालून डॉनल्ड आत आला. त्याने मारलेल्या पेनल्टीच्या तीन गुणांवर न्यूझीलंड ८–७ ने जिंकलं. गटात टोंगाकडून हरलेल्या फ्रान्सने त्या दिवशी त्यांचा जीव कंठाशी आणला होता. हा अंदाज कुणी वहीत लिहिला असता तर आम्ही त्याला हाकलून दिलं असतं.

तर परत पॅरिस. माझीही ओळ त्या पानावर आहे: ‘न्यूझीलंड २७–२०.’ फरक सात, बघा. चार वर्षांत मी काय शिकलो होतो ते दिसतंच आहे. पंच वेन बार्न्स. २००७ च्या क्वार्टरफायनलमध्ये फ्रान्सचा पुढे गेलेला, म्हणजे नियमाबाहेरचा पास त्याला दिसला नव्हता आणि न्यूझीलंड घरी गेलं होतं, त्यामुळे किवी मित्र सोळा वर्षं त्याचं नाव दात खात घेत आलेला. ‘हा असल्यावर आमचं काही खरं नाही,’ असं तो सोमवारपासून म्हणत होता. तेही अर्धं नाटक, अर्धं कवच.

मध्यंतराला दक्षिण आफ्रिका १२–६ ने पुढे. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केनला लाल कार्ड, पुरुषांच्या फायनलमधलं पहिलं. तरीही चौदा जणांनी ट्राय केला आणि ११ झाले, वरची किक हुकली. दक्षिण आफ्रिकेचे बाराचे बाराच. चारही पेनल्टी पोलार्डच्या, आणि हा पोलार्ड मूळ यादीत नव्हताच, जखमी झालेल्या हुकरच्या, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या मधल्या खेळाडूच्या, जागी आलेला. ७३व्या मिनिटाला कोल्बीने पास मुद्दाम हाताने पाडला, पिवळं कार्ड घेतलं, बाहेर जाऊन बसला आणि जर्सीत तोंड खुपसलं. न्यूझीलंडला पेनल्टी, मध्यरेषेच्या जरा पुढून. लांब, पण जॉर्डी बॅरेटच्या पायाला झेपणारी.

किवी मित्र उठला आणि दाराच्या चौकटीत जाऊन टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. दक्षिण आफ्रिकन मित्राने कोल्बीसारखीच जर्सी वर ओढली. इंग्लिश मैत्रीण आणि मी, आम्हीच दोघं बघत होतो. चेंडू उंच गेला, बराच वेळ सरळ वाटला, मग उजवीकडे सरकत खांबाच्या बाहेरून गेला.

‘सांग,’ तो दारातून म्हणाला.

मी म्हटलं, ‘बाहेर.’

तो वळला नाही. सामना संपेपर्यंत तिथेच होता. १२–११. नंतर बऱ्याच वेळाने येऊन त्याने वही उघडली, आपल्या ओळीवर बोट ठेवलं. बोक्स. विजेता ओळखणारा तो एकटाच. ‘च्यायला,’ म्हणाला आणि वही पिशवीत टाकली. अंदाज चुकलेला दक्षिण आफ्रिकन मित्र तोवर खुर्चीवर उभा राहून रडत होता.

मैत्रीणही शेवटी शहाणी झाली. २०२२ च्या महिलांच्या फायनलला इंग्लंड सलग ३० सामने जिंकून आलं होतं, तिने बिनधास्त इंग्लंड लिहिलं, आणि ईडन पार्कवर न्यूझीलंडने ३४–३१ ने घेतलं. शेवटच्या क्षणी गोलरेषेजवळ इंग्लंडचा लाइनआउट, म्हणजे बाजूरेषेवरून आत फेकलेला चेंडू, त्यांनी चोरला. म्हणून २०२५ ला ट्विकनहॅमवर कॅनडाविरुद्ध तिने काय लिहावं? ‘कॅनडा २८–२४.’ इंग्लंड ३३–१३ ने जिंकलं आणि तिचा आनंद मैदानातल्या ८१,८८५ लोकांना पुरून उरला असता. जवळचा आकडा पुन्हा किवीचाच. त्या सामन्यात त्याचं कुणी नव्हतं, म्हणून डोकं जागेवर होतं.

तेव्हा ‘कितीने’ म्हणाल तर एकाने नाहीतर वीसने, मधला आकडा माझ्याकडून मिळणार नाही. ‘कोण’ म्हणाल तर ज्यांना विचारायचं त्यांच्या वाक्याचा उलटा अर्थ लावा. २०२७ ची फायनल १३ नोव्हेंबरला सिडनीत आहे. परवा वही नीट आहे ना हे विचारायला किवी मित्राला फोन केला. त्याने आत्ताच नवं पान उघडून लिहून ठेवलंय: ‘दक्षिण आफ्रिका, तीसने.’

म्हटलं, अरे, फायनलला कोण पोचणार हे तरी ठरू दे.

‘आता काय उपयोग,’ तो म्हणाला, ‘पेनाने लिहिलंय.’